रात्र, डोंगर आणि सेसना : डोळ्यांवर किती विसंबायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. घर डोंबिवलीचं, सध्या ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या फ्लाइंग स्कूलमध्ये आहेस, तिथलं प्रायव्हेट लायसन्स हातात आलंय. परत येऊन डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं, सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) घ्यायचं, तर रात्रीचे तास हवेत. म्हणून रूममेटला सोबत घेऊन सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून पूर्वेला सॅफर्ड गावापर्यंत जाऊन यायचा बेत आहे. हवा स्वच्छ असेल, टॅबलेटवर डोंगर दाखवणारं जीपीएस आहे, तिथल्या नियमात बसतंय. बाबा मात्र "रात्रीचं डोंगरातून कशाला?" म्हणून अडून बसलेत. हा धोका खरा आहे की घरच्यांची नेहमीची काळजी, एवढंच तुला हवंय. तू मला सर म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहितो.

बाबांचं बरोबर आहे. विमान उडवता येत नसूनही त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. तू मांडलेला बेत आहे तसा अमलात आणू नकोस.

आता कारणं. तू हवामानाबद्दल लिहिलंस, विमानाबद्दल लिहिलंस, जीपीएसबद्दल लिहिलंस. किती उंचीवरून जाणार आणि तो आकडा कुठून काढला, हे मात्र तुझ्या सगळ्या मजकुरात कुठेच नाही. खरा प्रश्न तिथे आहे. दिवसा आपण डोंगर बघतो आणि टाळतो. सगळं प्रशिक्षण त्या सवयीवर उभं असतं, आणि ती इतकी अंगवळणी पडते की आपण डोळ्यांवर चाललोय हेही लक्षात राहत नाही. रात्री ती सवय निरुपयोगी होते, पण गेली आहे हे कळत नाही, कारण समोर शहराचे दिवे दिसतात, तारे दिसतात आणि सगळं दिसतंय असंच वाटतं. ढगात शिरलं की निदान पांढरं तरी होतं, माणूस सावध होतो. निरभ्र काळोखात तोही इशारा नाही.

तू ज्या दिशेने जाणार आहेस, तिथलीच एक घटना सांगतो. २३ नोव्हेंबर २०११, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास फिनिक्सला लागून असलेल्या मेसाच्या फाल्कन फील्ड विमानतळावरून एक रॉकवेल टर्बो कमांडर उडालं. दोन इंजिनांचं, तुझ्या सेसनापेक्षा कितीतरी ताकदवान विमान. जायचं होतं सॅफर्डलाच. हवा स्वच्छ होती. उड्डाणानंतर काही मिनिटांत, साडेचार हजार फुटांच्या आसपास सरळ समतल उडत असताना ते सुपरस्टिशन डोंगरावर आदळलं. सहा जण गेले, त्यात तीन लहान मुलं. त्या डोंगराचा माथा पाच हजार फुटांच्या थोडा वर आहे. अमावास्या दोन दिवसांवर होती, म्हणजे चंद्राचा प्रश्नच नव्हता. त्या भागात वर फिनिक्सच्या मोठ्या विमानतळाचं नियंत्रित हवाई क्षेत्र आहे, त्याचा तळ पाच हजार फुटांवर. त्याच्या खाली राहिलं की एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची, वेगळी परवानगी लागत नाही, म्हणून पायलट खाली राहतात. वर जायची परवानगी मागायला रेडिओवर एक वाक्य पुरतं. ते वाक्य बोलायचा कंटाळा रात्री करू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

दुसरी जागा कॅलिफोर्नियातली. सॅन डिएगोजवळच्या ब्राउन फील्डवरून १६ मार्च १९९१ च्या मध्यरात्रीनंतर एक लहान जेट निघालं आणि ओटाय डोंगरावर आदळलं. दहा जणांचा मृत्यू झाला. उड्डाण नजरेच्या नियमांनी, म्हणजे व्हीएफआर होतं, आयएफआर क्लिअरन्स, म्हणजे उपकरणांच्या नियमांनी उडायची परवानगी, हवेत गेल्यावर घेऊ असा विचार होता, आणि वरच्या नियंत्रित क्षेत्रात शिरायला नको म्हणून उंची कमी ठेवली होती. २४ ऑक्टोबर २००४ ला त्याच विमानतळावरून, तसंच मध्यरात्री, तसंच व्हीएफआर निघालेलं एक एअर ॲम्ब्युलन्सचं लिअरजेट त्याच डोंगरावर आदळलं. पाच जण गेले. दोन्ही वेळा कॉकपिटमध्ये दोन-दोन व्यावसायिक पायलट होते. "आम्ही दोघं आहोत, एक उडवेल, एक बघेल" असं तू लिहिलंयस, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. जे दिसतच नाही, ते चार डोळ्यांनाही दिसत नाही.

आपल्याकडे हे होत नाही असंही समजू नकोस. ७ जुलै १९६२ च्या रात्री मुंबईकडे उतरत येणारं अलिटालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ जण गेले. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असं समजून विमान वेळेआधी खाली आणलं गेलं होतं. ते मोठं जेट होतं, पावसाळी ढगांत होतं, तुझी परिस्थिती वेगळी. पण डोंगर ओलांडायच्या आधीच उंची सोडून दिली, ही गोष्ट लहान-मोठ्या सगळ्या विमानांना सारखीच लागू पडते.

आता तुझ्या मार्गाचा भूगोल आपल्या भूगोलावर ठेवून बघ, म्हणजे पटकन उमगेल. मुंबईहून पूर्वेला निघालं की ठाणे, कल्याण, बदलापूरपर्यंत दिवेच दिवे. कर्जतच्या पुढे ते विरळ होतात आणि मग एकदम सह्याद्रीची भिंत. फिनिक्सहून पूर्वेला तेच आहे. मेसा, अपाचे जंक्शनपर्यंत दिव्यांचा गालिचा, आणि तो संपतो तिथेच सुपरस्टिशनचा कडा उभा राहतो. उजेड पाठीमागे, काळोख पुढे. पनवेलहून रात्री गाडीने येताना माथेरानचे दिवे वर आकाशात दिसतात, आणि त्यांच्या खालचा तो एवढा मोठा डोंगर अजिबात दिसत नाही, हे तू पाहिलं असशील. माथेरानवर निदान दिवे आहेत. सुपरस्टिशनच्या माथ्यावर कोणी राहत नाही.

रात्री डोंगर ओळखायची एक जुनी खूण आहे, ती शिकून घे. चार्टरची विमानं चालवायचो तेव्हा देशावरून मुंबईकडे येताना ती रोज समोर असायची. घाटाच्या अलीकडे असतानाच कल्याण-डोंबिवलीचे दिवे लांबवर दिसायला लागतात. मध्ये काळा पट्टा असतो, तो सह्याद्री. आपण पुरेसे उंच असलो, तर जसजसे पुढे जाऊ तसतसे त्या काळ्या कडेच्या मागून नवे दिवे वर येत राहतात; आधी लांबचे, मग पायथ्याजवळचे. उंची कमी पडत असेल तर उलटं होतं. काळी कड खालून दिवे गिळत जाते. एक ओळ गेली, दुसरी गेली. तिथे वीज गेलेली नसते, मध्ये डोंगर आलेला असतो. असं दिसलं की विचार करत बसायचं नाही. पूर्ण पॉवर देऊन वर चढायचं आणि आलो त्या बाजूला वळायचं.

पण नीट बघ, ही खूण पलीकडे दिवे असतील तरच कामाची. तू फिनिक्सहून पूर्वेला निघशील तेव्हा डोंगरापलीकडे मैलोन्मैल काही नाही. गिळायला दिवेच नाहीत. समोर नुसता काळोख, आणि त्यातला कुठला आकाशाचा, कुठला दगडाचा, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. परतताना फिनिक्सचे दिवे समोर असतील, तेव्हा ही खूण मिळेल. जाताना नाही मिळणार.

चंद्राचं काय, असं तू विचारशील. चंद्राने फरक पडतो, खूप पडतो, म्हणून पंचांग बघणं ही पायलटसाठी अंधश्रद्धा नाही. घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेलच. संकष्टीला चंद्रोदय रात्री उशिरा होतो हे आईला पाठ असतं, तेवढंच ज्ञान इथे लागतं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. नेमक्या वेळा मात्र फिनिक्सच्या बघायच्या. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. चंद्र पूर्वेला उगवतो. म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरात डोंगराची पूर्वेची बाजू उजळते आणि पश्चिमेचा कडा स्वतःच्याच सावलीत काळाकुट्ट राहतो. तू पश्चिमेकडून येणार, म्हणजे नेमका सावलीतला कडा तुझ्या समोर. पौर्णिमा आहे म्हणून संध्याकाळी सातला निघालास, तर आकाशात चांदणं असेल आणि समोरचा कडा तरीही दिसणार नाही. चंद्र डोक्यावर येईपर्यंत त्याच्यावर विसंबू नये.

डोळ्यांबद्दल थोडं. काळोखाला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो आणि फोनच्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती कमाई जाते. शिवाय रात्री डोळ्याच्या मध्यभागी आंधळी जागा असते, म्हणून अंधुक वस्तू थेट न बघता जराशी बाजूला नजर ठेवून बघायची. लाल टॉर्च वापरत असशील तर नकाशा आधी त्याच टॉर्चखाली तपासून घे, कारण लाल उजेडात चार्टवरच्या लाल-तपकिरी खुणा आणि रेषा पुसट होतात, आणि डोंगर नेमके त्याच रंगात छापलेले असतात. ऑक्सिजनचाही परिणाम आधी डोळ्यांवर होतो. अमेरिकेत रात्री पाच हजार फुटांच्या वर पूरक ऑक्सिजन वापरावा अशी शिफारस आहे. तुझ्या मार्गावर डोंगर टाळायचे तर त्याच्या बरंच वर जावं लागेल. सॅफर्डच्या शेजारीच माउंट ग्रॅहम आहे, साडेदहा हजार फुटांहून उंच. उंची घेतली तर नजर मंदावते आणि नाही घेतली तर डोंगर. ही ओढाताण या मार्गात मुळातच आहे.

काळोखात तोल चुकतो तो वेगळाच. टेकऑफनंतर दिवे मागे पडले की वेग वाढल्याचा झटका शरीराला नाक वर गेल्यासारखा वाटतो, आणि हात आपोआप कंट्रोल पुढे ढकलतो. डोंगराच्या उतारावरून जाणाऱ्या रस्त्याच्या दिव्यांची तिरकी रांग क्षितिज वाटते आणि माणूस तिला समांतर पंख ठेवतो. यावर उपाय एकच. काळोखाकडे निघालास की खिडकीबाहेर बघणं दुय्यम, आतला ॲटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे नाक आणि पंख कसे आहेत ते दाखवणारं उपकरण, मुख्य. ज्याला फक्त उपकरणांवर पंधरा-वीस मिनिटं विमान सरळ ठेवता येत नाही, त्याने डोंगराळ भागात रात्री जाऊ नये. मग नियम काहीही म्हणोत.

उतरतानाचा धोका मी सर्वांत गंभीर मानतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. धावपट्टीचे दिवे समोर, अलीकडे सगळं काळं, मागे चढावर वसलेलं गाव. अशा वेळी आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि माणूस नकळत खाली-खाली येत राहतो. बोईंगच्या कॉनराड क्राफ्ट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सिम्युलेटरवर याचे प्रयोग केले. अनुभवी पायलटनाच बसवलं होतं, आणि त्यातले बहुतेक धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर टेकले. नवशिकेपणाशी याचा संबंध नाही, डोळ्यांची रचनाच तशी आहे. पापी, म्हणजे उतरण्याचा कोन बरोबर आहे का ते दाखवणारे धावपट्टीशेजारचे दिवे, दोन पांढरे दोन लाल, यावर भरवसा ठेव. पण त्याचीही मर्यादा ओळख. रात्री पापी वीस मैलांवरूनही दिसू शकतो, मात्र अडथळ्यांपासूनची खात्री धावपट्टीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दहा अंशांत आणि जेमतेम चार मैलांपर्यंतच. त्याबाहेर "दोन पांढरे दोन लाल" दिसत असतानाही मध्ये टेकडी असू शकते. म्हणून अनोळखी डोंगराळ विमानतळावर थेट लांबून उतरत यायचं नाही. विमानतळाच्या डोक्यावर सुरक्षित उंचीने यायचं आणि तिथून सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, उतरायचं.

वारा, इंजिन आणि जीपीएस यांबद्दल लवकर सांगतो. वारा डोंगर ओलांडून खाली उतरतो त्या बाजूला विमान खाली खेचलं जातं. आठ-नऊ हजार फुटांवर १७२ मिनिटाला तीन-चारशे फूट चढलं तरी पुष्कळ, आणि खाली येणारा वारा त्याहून जोरात असू शकतो. दिवसा ढगांच्या आकारावरून, धुळीवरून कळतं, रात्री काहीच कळत नाही. त्यात फिनिक्सचा उन्हाळा. रात्रीसुद्धा हवा तापलेली, म्हणजे चढाई आणखी मंद. इंजिन रात्री जास्त बंद पडतं असं नाही, पण पडलं तर १७२ हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जातं आणि त्या टप्प्यात सपाट जागा दिसायला हवी. डोंगरात ती दिसत नाही. जीपीएसवर लाल-पिवळा डोंगर दिसतो ही फार चांगली सोय आहे, वापरच. पण ते पडद्यावर पिवळं झालं म्हणजे डोंगर तुझ्या हजार फुटांच्या आत आला, लाल झालं म्हणजे शंभर फुटांच्या आत किंवा तुझ्याहून वर. मंद चढणाऱ्या विमानाला तिथून पुढे निवड उरत नाही. उंची ठरवायचं काम जमिनीवर, कागदावर करायचं. पडदा फक्त ते बरोबर चाललंय का ते दाखवतो.

ही कागदावरची पद्धत अशी. सेक्शनल चार्टवर, म्हणजे पायलटच्या हवाई नकाशावर, प्रत्येक चौकोनात निळा मोठा आकडा असतो, त्या चौकोनातल्या सर्वांत उंच डोंगर किंवा मनोऱ्याचा. मार्गावरचा आणि दोन्ही बाजूंचा सर्वांत मोठा आकडा घे, त्यात दोन हजार फूट मिळव. डोंगराळ भागात आयएफआर विमानांनाही आठ किलोमीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्यावर दोन हजार फूट ठेवावे लागतात, हा आकडा मी मनाने सांगत नाहीये. ती उंची तुझ्या विमानाला, त्या तापमानाला, त्या वजनाला झेपते का, ते मॅन्युअलच्या तक्त्यात बघ. झेपत नसेल तर मार्ग बाद. झेपत असेल तर ती उंची दिव्यांच्या वर असतानाच, घिरट्या घालत पूर्ण करायची आणि मगच काळोखाकडे नाक वळवायचं. जाता-जाता चढू, असं कधीही करायचं नाही. आणि एटीसी रडारवर बघतंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. व्हीएफआर असताना डोंगर टाळणं ही तुझीच जबाबदारी असते.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडवण्याची पात्रता) असलेला, दिवसा तोच मार्ग त्याच उंचीवरून कितीदा गेलेला पायलट, चांगल्या चढाईचं विमान, डोक्यावर चंद्र आणि आयएफआर प्लॅन असेल, तर मी हाच मार्ग नको म्हणणार नाही. तुझ्याकडे यातलं आज काहीच नाही. त्यात तुझी कमतरता नाही, तुझा टप्पाच तो आहे.

आणि तुला हवे आहेत ते तास डोंगराशिवायही मिळतात. डीजीसीएला रात्रीचे पाच तास आणि पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार पायलट) म्हणून किमान दहा टेकऑफ-लँडिंग हवेत, तेही अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. भारतात रात्री व्हीएफआरला सर्वसाधारण परवानगी नाही, एटीसीच्या मुभेने स्थानिक आणि प्रशिक्षणाची उड्डाणं होतात, त्यामुळे आपली मुलं हे तास बहुतेक सर्किटमध्येच भरतात. तूही दिवे असलेल्या विमानतळावर सर्किट कर. क्रॉस-कंट्री करायची असेल तर आय-१० महामार्गाच्या बाजूने टूसॉनकडे जा, इन्स्ट्रक्टरला घेऊन, आधी दिवसा, मग रात्री. तो मार्ग बराच सपाट आहे, पण तिथेही वाटेत महामार्गाला लागूनच पिकाचो पीक उभं आहे, ३,३७४ फुटांचं. एकटं, टोकदार, काळं. चार्टवर आधी ते शोध. रूममेटला प्रवासी म्हणून बसवायचं तर गेल्या नव्वद दिवसांत रात्रीची तीन पूर्ण थांबून केलेली लँडिंग लागतात, हे तुला ठाऊक असेलच.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना नवा मार्ग दाखव, ठरवलेली उंची सांग, निघायची आणि उतरायची वेळ सांग. तुझ्या रात्रीचे नऊ म्हणजे डोंबिवलीत दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ, ते जागेच असतील. व्हीएफआर फ्लाइट प्लॅन भर, निघताना तो उघड आणि उतरल्यावर बंद कर. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास झाला तरी तो बंद झाला नाही, तर तुझी शोधाशोध सुरू होते.

चार्टवरचे आकडे काढून, दोन हजार मिळवून, मॅन्युअलमधली चढाई आणि त्या दिवसाचं तापमान इथेच लिही. इन्स्ट्रक्टरकडून तपासून घेच, मीही बघतो.